दाखल्यांचा हिशेब

आपल्याकडे मूल जन्माला आले की त्याचा दाखला निघतो, शाळा सुटली की शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि देह पडल्यानंतरही दप्तरात शेवटची नोंद झाल्यावाचून माणूस खरोखर गेला असे सरकार मानीत नाही. तेव्हा विज्ञानाच्या जगातही एक प्रकारचा दाखला असतो आणि त्याच्या मोजणीवर अध्यापकांच्या नेमणुका, बढत्या, अनुदाने आणि मानसन्मान अवलंबून असतात, हे ऐकून मराठी वाचकाला फारसे नवल वाटणार नाही. हा दाखला कशाचा, तो कोण देतो आणि त्यावरून कोणाची योग्यता कितपत ठरवावी, या गोष्टी मात्र वाटतात तितक्या सरळ नाहीत, आणि वैद्यक व रसायन या दोन शास्त्रांच्या सीमेवर काम केलेल्या दोन संशोधकांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे त्यांतील गुंता चांगलाच लक्षात येतो.

संशोधक आपला निबंध लिहितो तेव्हा कोणाची मोजमापे त्याने घेतली, कोणाची रीत वापरली, कोणाचे मत उचलले आणि कोणाचे खोडले, याची कबुली म्हणून त्या पूर्वसूरींची नावे आणि त्यांच्या निबंधांचे ठावठिकाणे तो अखेरीस नोंदवून ठेवतो. या प्रथेचे प्रयोजन दुहेरी आहे: ऋण मान्य करणे हा एक भाग, आणि वाचकाला इच्छा झाल्यास मूळ कागद काढून रुजुवात घेता यावी हा दुसरा. अशा नोंदीला जगभर सायटेशन म्हणतात. आपण तिला दाखला म्हणू, कारण ‘दाखला देणे’ हा आपला जुना शब्दप्रयोग नेमके तेच सांगतो. एखाद्या निबंधाला इतरांच्या निबंधांतून असे किती दाखले मिळाले याची बेरीज केली की त्याची दाखलासंख्या हाती येते. यातील मौज अशी की कबुली लिहितो ऋणको, आणि बेरीज मात्र धनकोच्या खात्यावर पत म्हणून चढत जाते.

आता कोणाही सुबुद्ध माणसाला विचारले की आजवर सर्वांत अधिक दाखले कोणत्या निबंधाला मिळाले असतील, तर तो आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नाव घेईल, किंवा वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची जोडशिडी उलगडून दाखवली त्या निबंधाचे. ‘नेचर’ या साप्ताहिकाने २०१४ साली अशा पहिल्या शंभर निबंधांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा वॉटसन-क्रिक यांच्या त्या निबंधाला तीत स्थान नव्हते. पहिल्या क्रमांकावर होता तो १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात ऑलिव्हर लाउरी आणि त्यांचे तीन सहकारी यांनी लिहिलेला, प्रथिने मोजण्याच्या एका रीतीविषयीचा निबंध. आणि त्याच्या खात्यावर तोवर ३,०५,१४८ दाखले जमा झाले होते. या आकड्याची अपूर्वाई कळावी म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्या यादीसाठी पाहिलेल्या सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदींपैकी हजाराहून अधिक दाखले मिळालेल्या नोंदी अवघ्या १४,४९९ होत्या, आणि जवळजवळ निम्म्या नोंदींच्या वाट्याला फार तर एखादाच दाखला आलेला होता.

लाउरी यांच्या त्या निबंधात असे होते तरी काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. शेतकरी जेव्हा सांगतो की यंदा वीस पोती ज्वारी झाली, तेव्हा ऐकणारा लगेच विचारतो, किती एकरांत? एकरी उतारा कळल्यावाचून नुसत्या वीस पोत्यांना अर्थ नसतो. नेमकी हीच गोष्ट प्रयोगशाळेत घडते. यकृताचा, मेंदूचा किंवा जिवाणूंचा अर्क घेऊन त्यातील एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, किती जोमाने काम करते हे मोजले, तरी त्या अर्कात एकंदर प्रथिन किती होते हे ठाऊक नसेल तर दोन प्रयोगांची तुलना करता येत नाही. जीवरसायनातले एकर म्हणजे मिलिग्रॅम प्रथिन, आणि ते मोजण्याची सुलभ, स्वस्त आणि अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही चालणारी रीत लाउरी यांनी घालून दिली. प्रथिनाच्या द्रावणात प्रथम अल्कधर्मी तांबे मिसळायचे, मग मॉलिब्डेनम आणि टंगस्टन असलेले, फोलिन या रसायनशास्त्रज्ञाचे पिवळसर अभिकारक घालायचे. थोड्या वेळाने द्रावण निळे होते, आणि ती निळाई जितकी गडद तितके प्रथिन अधिक. अभिकारक नवे नव्हते. वू श्येन या चिनी शास्त्रज्ञाने १९२२ सालीच ते प्रथिनांसाठी वापरून पाहिले होते. लाउरी यांनी त्याची प्रमाणे, वेळ आणि आम्ल-अल्काचे मान इतक्या चिकाटीने बसवले, की बायुरेट नावाच्या जुन्या रीतीच्या मानाने ही रीत सुमारे शंभरपट संवेदनक्षम झाली.

लाउरी हे स्वतः वैद्यक आणि रसायन या दोन्ही घरांचे पाहुणे होते. १९१० साली शिकागोत जन्मलेल्या या गृहस्थांनी १९३७ साली शिकागो विद्यापीठातून जीवरसायनातील डॉक्टरेट आणि वैद्यकाची पदवी अशा दोन्ही पदव्या मिळवल्या, आणि १९४७ पासून सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. एकाच चेतापेशीचे वजन करता येईल असा क्वार्ट्झच्या तंतूचा तराजू बनवणे, आणि त्या एवढ्याशा कणातील रासायनिक द्रव्यांचा हिशेब मांडणे, हे त्यांच्या आयुष्याचे खरे काम होय. प्रथिनमापनाची रीत त्यांच्या लेखी घरातल्या पाट्यावरवंट्यासारखी होती, आणि ती छापावी असेही त्यांच्या फारसे मनात नव्हते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे त्यांचे सहकारी अर्ल सदरलँड यांनी आग्रह धरला, कारण ती रीत वापरताना दाखला द्यायला त्यांना काहीतरी छापील हवे होते. पुढे डेरेक डि सोला प्राइस या विज्ञानेतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात लाउरी यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे की हा निबंध काही थोर नव्हे हे आपण जाणून आहोत, तरी त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते. निबंधाचा कर्ताच त्याची किंमत इतकी नेमकी सांगत असताना आपण त्या तीन लाखांकडे कोणत्या नजरेने पाहावे?

ही मोजणी मुळात सुरू झाली ती कोणाला लहानमोठे ठरवण्यासाठी नव्हे. अमेरिकेत एखाद्या जुन्या निवाड्याचा पुढच्या न्यायालयांनी आधार घेतला की तो फिरवला, हे वकिलाला चटकन कळावे म्हणून फ्रँक शेपर्ड याने १८७३ पासून डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला आरंभ केला. वकील त्या आपल्या कायद्याच्या ग्रंथांच्या समासात चिकटवीत. यूजीन गारफिल्ड नावाच्या रसायन शिकलेल्या तरुणाला, जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यकीय साहित्याच्या सूचीकरणाचे काम करीत असता, १९५३ साली शेपर्ड कंपनीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रातून या पद्धतीची माहिती मिळाली आणि त्याच्या डोक्यात वीज चमकली: न्यायालयीन निवाड्यांचा पाठपुरावा जसा पुढे करता येतो, तसा शास्त्रीय निबंधांचाही का करू नये? १९५५ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात त्याने हा विचार मांडला, फिलाडेल्फियात संस्था काढली, आणि १९६३ साली १९६१ या एका वर्षातील ६१३ नियतकालिकांतून वेचलेल्या सुमारे १४ लाख दाखल्यांची सूची पाच जाडजूड खंडांत बाहेर काढली. तिचा हेतू शोधकाच्या सोयीचा होता. एक जुना निबंध हाती असला की त्याचा उपयोग पुढे कोणी केला, त्यात चूक कोणी दाखवली, हे त्या सूचीच्या आधारे माग काढीत पाहता यावे, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. पण ज्या वहीत उधारी लिहिली जाते ती वही एकदा सर्वांच्या समोर उघडी पडली, की गावात श्रीमंत कोण याची कुजबुज सुरू व्हायला किती वेळ लागतो!

त्या कुजबुजीचे पहिले रूप म्हणजे नियतकालिकाचा प्रभावांक. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेले दाखले त्या निबंधांच्या संख्येने भागले की प्रभावांक येतो. आपल्या सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी अर्विंग शेर यांनी हे गणित बसवले होते. कालांतराने मात्र ‘अमुक प्रभावांकाच्या नियतकालिकात छापले’ हीच माणसाची किंमत होऊन बसली. सरासरी हा किती फसवा प्रकार आहे याचे एक रसायनातले उदाहरण स्मरणीय आहे. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून रेणूची रचना काढणाऱ्यांना जॉर्ज शेल्ड्रिक यांनी तयार केलेली ‘शेलएक्स’ ही संगणक-प्रणाली अत्यावश्यक असते. त्यांनी २००८ साली ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘अ’ विभागात या प्रणालीचा इतिहास लिहिला, आणि ती वापरणाऱ्यांनी याच लेखाचा दाखला द्यावा असे सुचवले. परिणामी त्या नियतकालिकाचा प्रभावांक २ च्या आसपास होता तो एका वर्षात ४९ च्या पुढे गेला. त्या वर्षी तेथे छापलेल्या इतर निबंधांच्या गुणवत्तेत काडीचाही फरक पडला नव्हता. गावात एक लक्षाधीश राहायला आला म्हणून गावच्या दरडोई उत्पन्नाची सरासरी वाढावी, आणि शेजारच्या मजुरालाही सधन समजून त्याच्यावर कर बसवावा, असलाच हा हिशेब!

व्यक्तीपुरता काही न्याय्य मापदंड असावा म्हणून कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली आणखी एक अंक सुचवला. त्यांच्या आडनावावरून तो ‘एच-निर्देशांक’ म्हणून रूढ झाला. संशोधकाचे निबंध दाखल्यांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे, आणि जेथवर निबंधाचा क्रमांक त्याच्या दाखल्यांहून मोठा होत नाही तेथवर जाऊन थांबायचे. समजा एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ५०, १८, ७, ४ आणि २ दाखले आहेत. चौथ्या निबंधाला चार दाखले आहेत आणि पाचव्याला पाच नाहीत, म्हणून त्याचा निर्देशांक ४. एकाच भाग्यवान निबंधावर जन्मभर मिरवणाऱ्याला या मापाने लगाम बसतो हे खरे, कारण तीन लाख दाखल्यांचा एकच निबंध लिहून जो थांबला त्याचा निर्देशांक १ च राहील. तरी हे मापही वयाचे पक्षपाती आहे: हा अंक वाढतो पण कधीच उतरत नाही, म्हणून तरुण अभ्यासक नेहमीच उणा दिसतो, आणि दहा माणसांच्या नावावर असलेल्या निबंधात खरे हात कोणाचे होते, याचा त्याला पत्ताही नसतो.

त्यातही वैद्यकाला रसायनाच्या मापाने आणि रसायनाला वैद्यकाच्या मापाने मोजू नये, कारण दोन्ही मुलखांतली नाणी वेगळी आहेत. वैद्यकात संशोधकांची वस्ती दाट, निबंध भराभर निघणारे, एकेका चाचणीत अनेक रुग्णालये गुंतलेली आणि लेखकांची यादी लांबलचक. एखाद्या रोगाच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे निघाली की जगभरचे वैद्य तीच उद्धृत करतात, आणि म्हणून कर्करोगविषयक आढाव्यांचे एखादे नियतकालिक प्रभावांकाच्या शिखरावर असते, तर अमेरिकन केमिकल सोसायटीचे १८७९ पासून चालत आलेले मानाचे नियतकालिक त्याच्या पुष्कळच खाली दिसते. रसायनात उलट एक चमत्कार घडतो: ज्ञान अगदी घरचे झाले की दाखला गळून पडतो. १९०० साली व्हिक्टर ग्रिन्यार यांनी मॅग्नेशियमपासून जे अभिकारक बनवले ते आज महाविद्यालयातील विद्यार्थीही करतो, पण त्याखाली ग्रिन्यारच्या मूळ निबंधाचा ठावठिकाणा लिहिण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. मेंडेलीव्हची सारणी वापरताना १८६९ चा दाखला कोण देतो? अतिपरिचयामुळे ऋणाची नोंद पुसली जावी, या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नावही देऊन ठेवले आहे. म्हणजे फार वापरल्यामुळे दाखले वाढतात, आणि त्याहूनही फार वापरल्यामुळे ते नाहीसे होतात.

दाखला देणाऱ्याचा हेतूही बेरजेत दिसत नाही. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व इतर यांनी बारा मुलांच्या निरीक्षणावरून गोवर-गालगुंड-रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित केला, पुढील तपासात तो निबंध अप्रामाणिक ठरला, आणि २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला. त्या निबंधाला मिळालेले दाखले पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरेचसे त्याची निर्भर्त्सना करण्यासाठी आहेत. पण यंत्राच्या वहीत स्तुती आणि धिक्कार एकाच रकान्यात जमा होतात. शेपर्डच्या चिठ्ठ्यांवर निवाडा फिरवला गेला की कायम राहिला याची खूण असे. विज्ञानाच्या बेरजेत ती खूणच गळाली.

संख्येला प्रतिष्ठा मिळाली की संख्येचे कारखाने निघतात, हा अनुभव आपल्या देशालाही आला. अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांचे गुण मोजण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली केला, आणि पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या सुमारे हजारभर नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा त्यांपैकी शेकडा ८८ नियतकालिके निकृष्ट ठरली. हा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर नव्या यादीच्या छाननीचे कामही पुण्याकडेच आले. परदेशांतही २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढून नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीची पारख करू नये असे निक्षून सांगितले. पण नेमणूक समितीपुढे दीडशे अर्ज असतात आणि वेळ दुपारपुरता असतो. निबंध वाचण्यापेक्षा आकडा पाहणे सोपे, हीच सगळ्या दोषांची जननी.

या पार्श्वभूमीवर लाउरी यांच्या शेजारी मला येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना बसवावेसे वाटते. १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या या माणसाने मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेतले. असहकाराच्या दिवसांत खादी अंगावर घातल्यामुळे वरिष्ठांची मर्जी गेली आणि पदवीचा दाखलाही कमी प्रतीचा मिळाला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले, आणि सायरस फिस्के यांच्यासह १९२५ साली, लाउरींचा निबंध पुढे ज्यात आला त्याच नियतकालिकात, स्फुरद मोजण्याची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. येथेही मॉलिब्डेनम, येथेही निळा रंग, आणि येथेही दाखल्यांची रीघ. त्याच रीतीच्या बळावर या दोघांनी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन दाखवून दिले आणि १९२९ साली पेशीचे चलन म्हणावे अशा एटीपीचा शोध जाहीर केला. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले, आणि १९४८ साली झालेल्या मृत्यूपर्यंतच्या आठ वर्षांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फोलिक आम्लाचे संश्लेषण झाले, त्या आम्लाचे विरोधक पदार्थ तयार झाले आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक हाती आले. ऑरिओमायसिनचा निबंध बेंजामिन डगर यांच्या नावाने छापला गेला. बालकांच्या रक्तकर्करोगावर त्या विरोधकांपैकी अ‍ॅमिनोप्टेरिन वापरल्याचा बोस्टनमधील सिडनी फार्बर यांचा १९४८ चा विख्यात निबंध सुब्बारावांच्या लेखनयादीत येत नाही, कारण औषध घडवून पाठवणारा हा रोग्याच्या खाटेशी उभा नव्हता. आजच्या कोणत्याही निर्देशांकाने मोजू गेल्यास सुब्बारावांच्या खात्यावर प्रामुख्याने दिसेल ती स्फुरद मोजण्याची रीत. उरलेले आयुष्य जणू बेहिशेबी.

म्हणून मला वाटते की दाखला हा वापराची पावती आहे, योग्यतेचा निवाडा नव्हे. पावत्यांवरून दुकानात काय खपले ते कळते, आणि ते कळणे उपयुक्तही असते; लाउरींच्या तीन लाख पावत्या खऱ्या आहेत, कारण तितक्या हातांना त्या निळ्या रंगाची खरोखर गरज पडली. पण खपले तेच मोलाचे, आणि ज्याची पावती फाडली गेली नाही ते फुकटचे, असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. एखाद्या विद्वानाच्या प्रकाशनांची यादी समोर आली तर बेरजेवर डोळा ठेवण्याआधी त्यातील दोन निबंध उघडून वाचावेत, त्याचा हात कशाला लागला ते पाहावे, आणि दाखले कोणी, कोणत्या कारणाने दिले तेही विचारावे. एवढे केले तर आकड्याला बोलू द्यायला हरकत नाही.

सुब्बारावांच्या लेडर्लीतील पथकाने १९४७ साली हत्तीरोगावरचे डायइथिलकार्बामाझिन हे औषध जगापुढे ठेवले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत आरोग्यखात्याची सामुदायिक औषधोपचार मोहीम निघते, तेव्हा आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन त्याच्या गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावते, बोटावर शाईची खूण करते आणि वहीत नोंद घेते: घराचा क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, किती गोळ्या दिल्या. त्या वहीत गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचा दाखला असतो. गोळी शोधणाऱ्यांच्या नावाला मात्र तीत रकाना नाही.